गल्लीत एईडी ठेवायचंय? आधी किल्लीचं बघा

बेळगावच्या वडगावात आमचे चार यंत्रमाग आहेत. त्या शेडच्या बाहेरच्या भिंतीला गेली अडीच वर्षं एक एईडी टांगलेलं आहे. टिफिनच्या मोठ्या डब्याएवढं यंत्र. छातीवर दोन पॅड चिकटवले की ते हृदयाची लय वाचतं, पुढं काय करायचं ते बोलून सांगतं, आणि गरज असेल तरच शॉक देतं. अनगोळ, येळ्ळूर, खानापूर, कुठून कुठून लोक फोन करतात आणि पहिलाच प्रश्न असतो, "कितीला पडलं?" हा प्रश्न खरं तर शेवटचा. बाकीचे प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून आम्ही जिथं जिथं चुकलो ते सगळं इथं क्रमानं लिहितोय.

शेजारचे अण्णा गेले त्यातून हे सुरू झालं. नळाला पाणी आलं म्हणून पहाटे उठले आणि घागर भरता भरता कोसळले. अख्खी गल्ली जमली. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी तळपाय चोळले. मी रिक्षा आणायला पळालो. हॉस्पिटलात डॉक्टरांनी एकच विचारलं, "छाती कोणी दाबली काय?" आम्ही सातजण उभे होतो, सगळे खाली बघत.

१. अटॅक वेगळा, अरेस्ट वेगळा

हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. छाती धरतो, घामानं भिजतो, "पित्त झालंय" म्हणून सोडा मागतो. अशा माणसाला एईडी लावायचं नसतं. त्याला बसवून ठेवायचं, चालवायचं नाही, १०८ बोलवायची आणि ईसीजी निघेल अशा जवळच्या हॉस्पिटलात पोचवायचं. कर्नाटक सरकारची पुनीत राजकुमार यांच्या नावाची हृदय ज्योती योजना आहे. २९ ऑक्टोबर २०२१ ला ४६ व्या वर्षी हा नट हृदयविकारानं गेला, त्यानंतरची ही योजना. तिच्यात सरकारी तालुका हॉस्पिटलात ईसीजी काढतात, तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांना पाठवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन फुकट देतात. तुमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलात ही सोय आहे का, हे आजच जाऊन विचारून या. वेळ आल्यावर विचारत बसू नका.

कार्डियाक अरेस्टमध्ये हृदय रक्त ढकलायचंच थांबतं. माणूस धाडकन पडतो, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. अशा वेळी पुष्कळदा हृदय पूर्ण थांबलेलं नसतं, नुसतं थरथरत असतं. शॉक ती थरथर मोडतो आणि हृदयाला आपली लय परत धरायची संधी देतो. छाती न दाबता, शॉक न देता जाणारा प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतो. दहा मिनिटांनी हातात काय उरतं याचा हिशेब तुम्हीच करा. ॲम्ब्युलन्स कितीही चांगली असली तरी गल्लीत शिरेपर्यंत ही दहा मिनिटं सहज जातात.

इथं एक मोठा चकवा आहे. अरेस्ट झालेला माणूस पहिली काही मिनिटं मधूनच तोंड उघडून आचके देतो, पाण्याबाहेर काढलेला मासा देतो तसे. बघणारे म्हणतात, "श्वास चालू हाय की!" तो श्वास नव्हे. कधी सुरुवातीला झटके येतात आणि लोक फिट समजून हातात किल्ल्यांचा जुडगा देतात. अण्णांच्या वेळी आम्ही दोन्ही चुका केल्या.

२. यंत्राआधी माणसं

अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एक मोठी चाचणी केली होती, तिचे निष्कर्ष २००८ साली आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले सात हजार रुग्ण. निम्म्यांच्या घरी एईडी दिलं, निम्म्यांच्या घरच्यांना नुसतं छाती दाबायला शिकवलं. एकूण मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्याच्या घरी यंत्र, त्यालाच ते लागेल आणि तेव्हा दुसरं कोणीतरी घरात जागं असेल, असं फार कमी वेळा जुळून येतं. त्यामुळं "बाबांची बायपास झालीय, बेडरूममध्ये ठेवतो" म्हणून लाखभर रुपये घालणार असाल तर थांबा. तेच यंत्र गल्लीच्या तोंडाला, सगळ्यांच्या हाताला येईल असं ठेवलंत तर त्याचा उपयोग होण्याचा संभव कितीतरी वाढतो. बाबांनाही ते तिथून मिळतंच.

म्हणून आधी किमान दहा माणसं शिकवून घ्या. सामान्य माणसांसाठी फक्त छाती दाबण्याचा एक सोपा कार्यक्रम आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी बसवलेला आहे, त्याला 'कॉल्स' म्हणतात. तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची भानगड त्यात नाही. बेळगावात मेडिकल कॉलेजं आहेत, त्यांच्या भूलशास्त्र विभागात मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या. रेड क्रॉसकडेही प्रथमोपचाराचं शिक्षण मिळतं. एक अट घाला: प्रत्येकानं पुतळ्यावर स्वतः हात चालवलाच पाहिजे. नुसतं बघून काही येत नाही. प्रौढ माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची असते, आणि पहिल्यांदा दाबताना "एवढी?" असंच वाटतं.

मंडळाचा अध्यक्ष, सेक्रेटरी आणि चार उत्साही पोरं शिकवली म्हणजे झालं, असं आम्हाला वाटलं होतं. दुपारी अकरा ते पाच आमच्या गल्लीत यातलं कोणीच नसतं. उद्यमबागला कामाला, नाहीतर बाजारात. गल्लीत असतात त्या बायका, म्हातारी माणसं आणि मागावरचे कामगार. आता आमच्या यादीतली अकरापैकी सात नावं बायकांची आहेत, आणि सगळ्यांत पक्के हात कांडी भरणाऱ्या एका मावशींचे आहेत.

३. यंत्र घेताना

किंमत कंपनीप्रमाणं आणि मॉडेलप्रमाणं बदलते, पण लाखाच्या आसपास धरून चला. पॅडची जोडी काही हजारांना आणि बॅटरी त्याहून महाग. पॅड एकदा फोडले की टाकायचे, आणि न फोडता ठेवले तरी दोन ते चार वर्षांत त्यांची मुदत संपते. बॅटरी साधारण चार-पाच वर्षं. हा पुढचा खर्च कोण देणार हे मंडळाच्या ठरावात आजच लिहून ठेवा. देणगीदार यंत्राला मिळतो. पॅडला मिळत नाही, कारण पॅडवर नाव कोरता येत नाही!

आमचा पहिला घोळ इथंच झाला. स्वस्त मिळतं म्हणून एका विक्रेत्याकडून घेतलं, तर आलेल्या पॅडची मुदत पाच महिन्यांची उरलेली. भांडून बदलून घेतले, पण दोन महिने गेले. दुसरा धोका याहून वाईट. शिकवण्यासाठी केलेली 'ट्रेनर' यंत्रं दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी असतात, बोलतातही तशीच, पण शॉक देत नाहीत. ऑनलाइन अर्ध्याहून कमी भावात दिसलं तर खोक्यावरचं अक्षर न् अक्षर वाचा.

घेताना हे मागून घ्या:

- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर यंत्राचा सिरियल नंबर
- विक्रेत्याच्या नोंदणीची प्रत, फॉर्म एमडी-४२ (डिफिब्रिलेटर, म्हणजे हे शॉक देणारं यंत्र, कायद्यानं वैद्यकीय उपकरणांत मोडतं)
- लेबलवर उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक
- वॉरंटीचं कार्ड, आणि पॅड-बॅटरी पुढं कुठून मिळणार ते लिहून
- पॅड आणि बॅटरीची मुदत, दोन्ही तारखा, पैसे देण्याआधी बघून
- मंडळाच्या नावानं घेत असाल तर ठरावाची नक्कल आणि पॅन

यंत्र कोणत्या भाषेत बोलतं ते चालू करून ऐका. इंग्रजी बोलत असेल तर सगळ्या सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून झाकणाच्या आत चिकटवा. आमच्याकडं आणखी एक अडचण निघाली. चार माग चालू असताना यंत्राचा आवाज कोणालाच ऐकू येईना! आता नियम असा: पेटी उघडली की मेन स्विच बंद. ज्यांच्याकडं गिरणी, लेथ किंवा डीजे आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

४. जागा, पेटी आणि ती किल्ली

पहिल्या महिन्यात आम्ही यंत्र मंडळाच्या ऑफिसात कपाटात ठेवलं. महाग वस्तू, कोणी उचलून नेलं तर? कुलूप लावलं. मग एका रविवारी ठरवलं, रंगीत तालीम करून बघू. एका पोराला देवळाच्या कट्ट्यावर झोपवलं आणि घड्याळ लावलं. किल्ली सेक्रेटरीकडं. सेक्रेटरी दाढी करायला गेलेला. फोन केला तर, "येऊलोय, येऊलोय!" ऑफिसची किल्ली सापडली, कपाटाची दुसऱ्या जुडग्यात. यंत्र कट्ट्यावर पोचेपर्यंत नऊ मिनिटं. झोपलेला पोरगा कंटाळून उठून चहा प्यायला गेला होता.

त्याच दिवशी कुलूप काढलं. आता काचेच्या दाराची पेटी आहे, दार उघडलं की कर्कश भोंगा वाजतो. चोराला तेवढं पुरतं. एवढं करूनही गेलंच तर गेलं. कुलपात सुरक्षित राहून माणूस जाण्यापेक्षा ते परवडलं.

जागा निवडताना पायी दीड-दोन मिनिटांत जाऊन परत येता येईल एवढाच परिसर आपला धरा. रात्रीचा दिवा असावा. थेट ऊन नको, एप्रिलच्या उन्हात पॅडवरचा जेल वाळतो, म्हणून गाडीच्या डिकीतही ठेवू नका. पावसाची बाजू टाळा. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला ठेवणार असाल तर ओल हा मोठा शत्रू. पेटी चांगली बंद होणारी घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

पाटीवर हिरव्या रंगात पांढरं हृदय आणि त्यात वीज, ही जगभर चालणारी खूण मोठी काढा. खाली कन्नड आणि मराठी दोन्ही लिहा. सीमाभागात पाटीवरून काय काय होतं ते मी सांगायला नको. पण पडणारा माणूस कोणत्या भाषेचा असेल आणि यंत्राकडं धावणारा कोणत्या, हे आधी कोणाला ठाऊक असतं?

पेटीत यंत्राबरोबर ठेवायच्या वस्तू: जादा पॅडची एक जोडी, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, दाढीचं रेझर, सुती पंचा, हातमोजे, छोटी टॉर्च आणि एक जुनं नऊवारी लुगडं. लुगड्याचं काम पुढं सांगतो.

५. फोनची साखळी

डेन्मार्क, नेदरलँड्समध्ये आपत्कालीन कक्षच जवळपासच्या शिकलेल्या स्वयंसेवकांना मोबाईलवर इशारा पाठवतो. एक जण थेट रुग्णाकडं पळतो, दुसरा वाटेतलं एईडी उचलून आणतो. आपल्या गल्लीत हे साखळीनं करायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर भरवसा ठेवू नका. तिथं सकाळचे गुलाब आणि सुविचार इतके येतात की सगळ्यांनी ग्रुप म्यूट केलेला असतो. फोनच करायचा. आमच्याकडं तीन नंबर पेटीवर आणि प्रत्येक घराच्या दाराआड चिकटवलेत. पहिल्यानं उचलला नाही तर दोन रिंगनंतर दुसरा. उचलणारा पुढच्या दोघांना लावतो.

रात्रीसाठी वेगळी नावं ठेवा. गणपतीच्या दिवसांत तर यादी नव्यानंच करा. विसर्जन मिरवणुकीत ॲम्ब्युलन्स गर्दीतून येऊ शकत नाही आणि आपली माणसं ढोलाच्या आवाजात फोन ऐकू शकत नाहीत. त्या दिवशी यंत्र भिंतीवर न ठेवता एका ठरलेल्या माणसाच्या पाठीवर द्यावं, आणि त्यानं ढोल वाजवू नये.

६. प्रत्यक्ष वेळ आली की

अ. खांदे हलवून मोठ्यानं हाक मारा. ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके, म्हणजे अरेस्ट समजा. नाडी शोधत बसू नका. त्यात डॉक्टरांचंही चुकतं.

आ. एकाला बोट दाखवून सांगा, "तू १०८ लाव." दुसऱ्याला, "तू यंत्र आण." "कोणीतरी फोन करा रे" म्हटलं की कोणीच करत नाही.

इ. खाटेवर नको, जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध हाताचा तळवा, वर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. आम्हा विणकरांना मागाच्या ठोक्यावर दाबायचा मोह होतो, पण आमच्या मागांची चाल याहून जलद आहे. मोठ्यानं आकडे मोजा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. बरगडी कडकली तरी थांबू नका, ती नंतर जुळते.

ई. यंत्र आलं की आधी चालू करा, मग ते सांगेल तसं. छाती उघडी करा, घाम पुसा, केस दाट असतील तर रेझर फिरवा. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पॅडवर चित्र असतं. कातडीखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर त्याच्यावर पॅड लावू नका, बाजूला सरकवा. आठ वर्षांखालच्या मुलासाठी लहानांचे पॅड किंवा तशी कळ असेल तर ती वापरा. नसेल तर मोठ्यांचेच, एक छातीवर, एक पाठीवर.

उ. बाई पडली तर गडीमाणसं मागं सरतात. ब्लाऊज कापायचा कसा, लोक काय म्हणतील. ते नऊवारी याचसाठी आहे. चौघींनी धरून आडोसा करायचा, आत कात्री चालवायची, मंगळसूत्र बाजूला सरकवायचं, पॅड लावायचे. हे तालमीत एकदा करून बघा. नाहीतर नेमक्या वेळी सगळे एकमेकांकडं बघतात.

ऊ. यंत्र लय तपासत असताना आणि शॉक देताना कोणीही रुग्णाला हात लावायचा नाही. शॉक झाला की लगेच परत छाती दाबायला घ्या. दर दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा तपासतं. माणूस हालचाल करू लागला तरी पॅड काढू नका, यंत्र बंद करू नका.

आणि यंत्र "शॉक नको" म्हणालं तर? गेल्या वर्षी आमच्याकडं हेच झालं. पलीकडच्या बोळात साठीतले एक काका एकटेच खोलीत पडलेले सापडले. यंत्र तीन मिनिटांत पोचलं, मावशींनी पॅड नीट लावले, आणि यंत्र दर वेळी शॉक नको म्हणत राहिलं. हृदय थरथरत नसेल, पूर्ण शांत झालं असेल, तर शॉकचा उपयोग नसतो. तेव्हा फक्त छाती दाबत राहायचं. आम्ही १०८ येईपर्यंत दाबत राहिलो. काका वाचले नाहीत. दुसऱ्या दिवशी गल्लीत कुजबूज, "लाख रुपयाचं यंत्र, चाललंच नाही." यंत्र चाललं होतं. ते कधी कधी नाही म्हणतं, हे आम्ही लोकांना आधी सांगितलं नव्हतं.

७. १०८ ला काय सांगायचं

१०८ कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही, पण दोन्हीकडची व्यवस्था वेगळी. कोगनोळीजवळ किंवा शिनोळीच्या बाजूला मोबाईल कधी पलीकडचा टॉवर धरतो. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव सांगा, मग गल्ली, मग खूण. नुसतं "वडगावातून बोलतोय" म्हणू नका. वडगावं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. आणि बेळगाव की बेळगावी हा वाद त्या मिनिटाला नको, समोरच्याला पटकन कळेल ते म्हणा.

समोर कन्नड बोलणारा माणूस असला तर एवढी वाक्यं पुरतात, पेटीवर लिहून ठेवा: "प्रज्ञे इल्ला" म्हणजे शुद्ध नाही. "उसिराटा इल्ला" म्हणजे श्वास नाही. "बेगा बन्नी" म्हणजे लवकर या. फोन स्पीकरवर ठेवून छाती दाबत राहा. एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा आणि आडव्या लावलेल्या दुचाक्या काढायला सांगा.

भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांसारख्या ठिकाणी, जिथं पावसाळ्यात रुग्णाला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथं दाबणारी माणसं जास्त शिकवा. डोली उचलली की छाती दाबणं बंद पडतं, त्यामुळं यंत्रच माणसापाशी न्यायचं.

८. पोलिसांची भीती

"उद्या आपल्यावरच केस झाली तर?" हे प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारतंच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे. बोलण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्भावनेनं, संमतीवाचून केलेल्या कृतीला ते संरक्षण देतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला वाचवतं, पण ते रस्त्यावरच्या अपघातांपुरतं. वापरानंतर घटनेची वेळ, हजर माणसं आणि काय केलं, हे वहीत त्याच दिवशी लिहा. लांबलचक नको, पाच ओळी.

९. देखभाल

दर रविवारी देवळात जाताना हिरवा दिवा बघायचा, एवढंच काम. लाल झाला किंवा टिकटिक ऐकू आली तर त्याच दिवशी विक्रेत्याला फोन. बॅटरी उगाच काढून बघू नका, बहुतेक यंत्रांची ती चार्जिंगची नसते आणि प्रत्येक वेळी काढून घातली की यंत्र पूर्ण स्वतपासणी करून तिचा जीव कमी करतं. आमच्या एका हौशी कार्यकर्त्यानं "चार्जिंगला लावतो" म्हणून पीन शोधण्यात अख्खी संध्याकाळ घालवली होती.

यंत्र वापरलं तर आतली नोंद पुसू नका, हृदयाची लय त्यात साठलेली असते आणि डॉक्टरांना ती लागते. जादा पॅड लगेच जोडा आणि नवीन मागवा. पॅडचा कोड नंबर, मुदतीची तारीख आणि विक्रेत्याचा फोन आम्ही पेटीच्या पाठीमागं ऑइलपेंटनं लिहून ठेवलाय. कागद आधी दोनदा लावला होता, दोन्ही पावसाळ्यात गळून पडला.